सहीनंतरची वर्षं

१८ फेब्रुवारी २०२१. सुरतजवळच्या हजिरा इथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून ‘के-९ वज्र’ जातीची शंभरावी तोफ बाहेर पडली आणि तत्कालीन लष्करप्रमुख मनोज नरवणे यांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर धावणारी, १५५ मिलिमीटरची ही तोफ. करार शंभर तोफांचा होता, त्यामुळे ही शेवटची. समारंभ नेहमीसारखाच झाला, पण बातमीतली एक ओळ नेहमीची नव्हती. काम मुदतीच्या आधी पूर्ण झालं होतं.

आपल्याकडे संरक्षण खरेदीत हे इतकं दुर्मीळ आहे की मे २०२५ मध्ये हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी उद्योगपतींच्या सभेत उघडच सांगून टाकलं, वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. जे जमणार नाही त्याचं वचन द्यायचंच कशाला? ते विमानांबद्दल बोलत होते, तोफांबद्दल नाही. 

वर्तमानपत्रांना संरक्षण करारातले दोनच क्षण दिसतात, सहीचा आणि झेंड्याचा. या दोहोंच्या मधल्या वर्षांत जे चालतं, त्याला सरकारी भाषेत ‘पोस्ट-कॉन्ट्रॅक्ट मॅनेजमेंट’ म्हणतात. तिथे फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. मुदतवाढीचे अर्ज, तपासणीचे अहवाल, बँक गॅरंटीच्या तारखा, कुठल्याशा कनेक्टरऐवजी दुसरा चालेल का म्हणून आलेलं पत्र. करार तरतो किंवा बुडतो तो या कागदांवर. आणि हे कागद सोपे जातील की जिवावर येतील, हे बरंचसं सहीच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

वज्रचंच पाहू. ही तोफ मूळची दक्षिण कोरियाची, तिथल्या सैन्यात १९९९ पासून वापरात होती, म्हणजे कागदावरचं चित्र नव्हतं. राजस्थानच्या वाळूत रशियन तोफेच्या बरोबरीने तिच्या चाचण्या झाल्या आणि आपल्या वाळवंटासाठी काय बदलायचं ते ठरलं. २०१७ मध्ये सुमारे साडेचार हजार कोटींचा करार झाला. पहिल्या दहा तोफा सुट्या भागांच्या रूपात कोरियातून येतील आणि उरलेल्या नव्वद हजिऱ्यात बनतील, अशी वाटणी होती. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळालीत, तोफखान्याच्या घरीच, ती सैन्यात दाखल झाली. एका तोफेत तेरा हजारांहून अधिक प्रकारचे भाग, ते पुरवणारे सुमारे हजार लहान-मोठे कारखाने, त्यांतले कितीतरी महाराष्ट्रातले. एवढं लटांबर वेळेत हाकलं गेलं, कारण काय बनवायचं हे सहीच्या दिवशी माहीत होतं आणि नंतर ते फारसं बदललं नाही.

कौतुक मात्र मापात करायला हवं. सहीपासून मोजलं तर वज्र लवकर आली. चाचण्यांपासून मोजलं तर सही व्हायलाच वर्षं गेली. पुढच्या शंभर तोफांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि त्याची रक्कम ७,६२८.७० कोटी रुपये आहे. पहिला करार संपल्यावर दुसऱ्याला जवळजवळ चार वर्षं लागली, हेही हिशेबात धरावं लागतं.

काय हवं आहे ते नीट सांगता न येणं, ही आपली जुनी खोड. २०११ मध्ये लष्कराने ६६ हजार असॉल्ट रायफलींसाठी निविदा काढली. नळी बदलली की एकाच रायफलीतून दोन वेगवेगळ्या कॅलिबरच्या गोळ्या झाडता आल्या पाहिजेत, अशी अट होती. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, निविदा गुंडाळावी लागली. तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. सैन्याच्या काही अपेक्षा वाचून कॉमिक्सची आठवण होते, अशी त्यांची टिप्पणी त्या काळात बरीच गाजली. आयआयटीत धातुशास्त्र शिकलेल्या माणसाला असल्या अटी खटकणारच.

संरक्षण कराराची प्रत हातात घेतली तर मूळ मजकूर फार मोठा नसतो. त्यातली बरीच कलमं प्रमाण नमुन्यातून जशीच्या तशी उचललेली असतात. हा नमुना २००२ पासून ‘डीपीपी’ या नावाच्या, संरक्षण खरेदीची रीत सांगणाऱ्या सरकारी पुस्तकात होता, ऑक्टोबर २०२० पासून त्याच्या जागी ‘डॅप २०२०’ आलं. खरा ऐवज मागच्या परिशिष्टांमध्ये असतो. सुट्या भागांची यादी, तंत्रज्ञान हस्तांतराची व्याप्ती, पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे त्याचं वेळापत्रक, आणि ‘एटीपी’, म्हणजे माल स्वीकारण्याआधी घ्यायच्या चाचण्यांची रीत. किती फैरी झाडायच्या, कोणत्या तापमानाला, किती फैलाव चालेल, चाचणी फसली तर पुन्हा कुणाच्या खर्चाने. हे सगळं सहीच्या आधी लिहिलेलं असलं तर तपासणी अधिकारी गेज लावतो, नोंद करतो, शिक्का मारतो आणि ‘आय-नोट’, म्हणजे तपासणीचा दाखला, देऊन मोकळा होतो. तिथे ‘उभयपक्षी नंतर ठरवण्यात येईल’ एवढंच लिहिलेलं असलं, तर कारखान्याच्या दारात तयार माल पडून असतो आणि दोन्ही बाजूंचे लोक चहा पीत ‘फैलाव’ या शब्दाचा अर्थ लावत बसतात.

‘नंतर ठरवू’ची किंमत किती होते, हे पाहायला माझगाव गोदीत जावं.

६ ऑक्टोबर २००५ रोजी स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला. फ्रेंच तंत्रज्ञान, बांधणी मुंबईत, मंजूर खर्च १८,७९८ कोटी रुपये, पहिली पाणबुडी डिसेंबर २०१२ मध्ये. पाणबुडीतली काही सामग्री गोदीने स्वतः विकत घ्यायची होती. गोदीच्या बोलण्यात तिला ‘एमपीएम’ म्हणतात, माझगाव डॉकने खरेदी करायचा माल. कराराच्या दिवशी ही खरेदी पक्की झालेली नव्हती. मुख्य काम सुरू झालं, आणि या वस्तूंच्या वाटाघाटी लांबत गेल्या. जहाजबांधणीत एक पंप अडला की त्याच्यामागे केबल अडते, केबलमागे भिंत बंद करायची थांबते. २०१० मध्ये सरकारला खर्च २३,५६२ कोटींवर न्यावा लागला. विलंबाची कारणं संसदेत सांगताना संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी नवं तंत्रज्ञान आत्मसात करण्यातल्या अडचणी आणि गोदीतल्या सुविधा वाढवायला लागलेला वेळ यांच्या जोडीला या एमपीएम खरेदीचाही उल्लेख केला होता.

पहिली पाणबुडी ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली, पाच वर्षं उशिरा. सहावी ‘वागशीर’ आली १५ जानेवारी २०२५ रोजी.

टॉर्पेडोची कथा तर याहून बोलकी. पाणबुडीचं मुख्य हत्यार टॉर्पेडो, पण ते या करारात नव्हतं. त्याची खरेदी वेगळ्या फायलीवर. निवड झाली इटलीच्या ‘ब्लॅक शार्क’ची, ९८ नगांची. ती बनवणारी कंपनी फिनमेक्कानिका समूहातली, आणि त्याच समूहाची ऑगस्टा वेस्टलँड कंपनी व्हीआयपी हेलिकॉप्टरच्या लाचखोरीच्या प्रकरणात सापडली. खरेदी रद्द झाली. कलवरी दाखल झाली तेव्हा नवा जड टॉर्पेडो नव्हताच. जुन्या जर्मन बनावटीच्या पाणबुड्यांसाठी घेतलेल्या टॉर्पेडोंवर काम भागवावं लागलं. भारतीय बनावटीचा जड टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवण्याच्या ८७७ कोटींच्या कामाचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ रोजी. गोदीतल्या कारागिरांचा यात काडीचाही दोष नाही. पाणबुडी आणि तिचं हत्यार दोन वेगळ्या फायलींत टाकणाऱ्यांनी दोन्ही फायली एकाच वेळी पोचतील असं गृहीत धरलं, तिथे घात झाला.

रशियाकडून घेतलेल्या विमानवाहू ‘गोर्शकोव्ह’चं प्रकरण आणखी जुनं. १९९४ मध्ये बॉयलर रूममध्ये स्फोट झालेली, १९९६ पासून वापराबाहेर पडलेली ही बोट. जानेवारी २००४ मध्ये तिच्या दुरुस्तीचा आणि फेरबांधणीचा करार ९७.४ कोटी डॉलरला झाला, ताबा २००८ मध्ये. बोट उघडल्यावर कामाचा अंदाज साफ चुकल्याचं दिसलं. केबल बदलायच्या, पोलाद बदलायचं, यंत्रं बदलायची. ठोक रकमेच्या करारात हे बसेना, रशियन यार्ड काम हळू करू लागलं, दोन्ही देशांचे मंत्री एकमेकांकडे खेपा घालू लागले आणि मार्च २०१० मध्ये रक्कम सुमारे २३५ कोटी डॉलरवर ठरली. कॅगने तर नवी बोट याहून स्वस्तात पडली असती, असा शेरा मारला.

तरी त्या करारातला बारीकसा तपशील फार शिकवून जातो. २०१२ च्या सागरी चाचण्यांत बोट पूर्ण वेगाने पळवताना आठपैकी सात बॉयलरांनी मान टाकली. बॉयलरला उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस नको, असं भारताने सांगितलं होतं. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं. त्याऐवजी वापरलेल्या विटा टिकल्या नाहीत. खरेदीदार एक साहित्य नाकारतो तेव्हा त्याच्या बदली येणारं साहित्य पूर्ण भाराखाली कुणी आणि कधी तपासायचं, हे त्या नकारासोबतच लिहावं लागतं. ते न झाल्याने एक मोसम गेला. उत्तरेकडचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. ‘विक्रमादित्य’ नावाने ती बोट १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सेवेरोद्विन्स्कमध्ये नौदलात दाखल झाली.

एवढ्या मोठ्या करारांवरून नजर काढून रोजच्या टेबलावर आणली, तर तिथे आणखी वेगळी कला लागते. सैन्याच्या बहुतेक करारांत पाणबुड्या नसतात. बूट, बॅटऱ्या, सुटे भाग, तंबू, दुरुस्तीची कामं असतात. समजा, माल ३१ मार्चपर्यंत यायचा होता. आला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेपोतल्या कुणीतरी चांगल्या मनाने पत्र टाकलं, ‘उर्वरित माल कृपया लवकर पाठवावा.’ पत्रात वावगं काही दिसत नाही. पण मुदत उलटून गेल्यावरही खरेदीदार करार चालू असल्यासारखा वागला, याचा लेखी पुरावा त्याने स्वतःच्या सहीने पुरवठादाराच्या हातात दिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं ५५ वं कलम सांगतं की उशिरा आलेला माल स्वीकारायचा असेल तर भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याची सूचना त्याच वेळी द्यायला हवी. नाही दिली, तर नंतर भरपाई मागता येत नाही. म्हणून मुरलेले लोक मुदत संपल्यावर असलं साधं पत्र लिहीतच नाहीत. ते रीतसर ‘डीपी एक्स्टेन्शन’, म्हणजे पुरवठ्याची मुदतवाढ, देतात. त्यात एलडी, म्हणजे विलंबाचा दंड, लावण्याचा हक्क शाबूत असल्याचं लिहितात आणि ‘डिनायल क्लॉज’ घालतात. वाढीव मुदतीत कर किंवा भाव चढले तर भार पुरवठादाराचा, उतरले तर फायदा सरकारचा. हा एक परिच्छेद विसरला गेला, तर पुढे लवादासमोर सरकारी वकील अवघडून बसतो.

दंडाचा नेहमीचा दर आठवड्याला अर्धा टक्का, तोही उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर, आणि एका मर्यादेनंतर तो वाढतच नाही. ती मर्यादा गाठली की पुरवठादाराला घाई करायचं कारण उरत नाही. दंडावर भिस्त ठेवणारा खरेदी अधिकारी म्हणूनच कच्चा समजावा. पक्का अधिकारी पैशाच्या टप्प्यांवर डोळा ठेवतो. साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम दिली जाते, ती बँक गॅरंटीवर. ही गॅरंटी कोणत्या तारखेला संपते, याची नोंदवही कुणाच्या टेबलावर आहे, हा फार साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक कार्यालयात मिळेलच असं नाही. व्हीआयपी हेलिकॉप्टरचा करार सरकारने १ जानेवारी २०१४ रोजी रद्द केला, तेव्हा तीन हेलिकॉप्टर आलेली होती आणि पैसेही बरेच गेलेले होते. त्यांतला मोठा भाग परत मिळाला तो इटलीतल्या बँकांच्या गॅरंटीमुळे. त्यासाठी मिलानच्या न्यायालयात भांडावं लागलं. जून २०१४ मध्ये सुमारे २२.८ कोटी युरो वसूल करण्याचा मार्ग मोकळा झाला. गॅरंटीची मुदत मधे कुठे संपली असती, तर भांडायलाही काही उरलं नसतं.

आता ही कला शिकवायची कुणी आणि टिकवायची कुणी? २००७ च्या एका अहवालात कॅगने लिहिलं होतं की संरक्षण खरेदीला तंत्रज्ञान, सैन्य, वित्त, गुणवत्ता, बाजाराचा अभ्यास, करार आणि प्रकल्प व्यवस्थापन अशा अनेक विषयांतलं ज्ञान एकत्र लागतं. आपल्याकडे त्या खुर्चीत बसणारा सैन्याधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. त्याला पुढे पलटणीचं नेतृत्व करायचं असतं, त्याची बढती त्यावर ठरते. सनदी अधिकारीही फिरत असतो. पलीकडच्या कंपनीत मात्र तोच व्यवस्थापक दहा वर्षं त्याच करारावर बसलेला. कोणत्या बैठकीत काय तोंडी कबूल झालं होतं, हे एकाच बाजूला आठवत असेल तर तडजोड कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको. फ्रान्सने १९६१ मध्येच या कामासाठी ‘डीजीए’ ही स्वतंत्र संस्था काढली आणि तिला अभियंत्यांचा स्वतःचा संवर्ग दिला. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून लष्करी खरेदी हा वेगळा पेशा ठरवला. त्याला शिक्षण, प्रमाणपत्र, बढतीची वाट आखून दिली. आपल्याकडे कारगिलनंतर, २००१ मध्ये, मंत्रालयात ‘ॲक्विझिशन विंग’ उभी राहिली. ती आवश्यकच होती, पण तिथे येणारी माणसं तशीच फिरत राहिली.

नुसत्या पेशाने सगळं साधतं असंही नाही. अमेरिकेची हिशेब तपासणी करणारी ‘जीएओ’ ही संस्था धोक्याच्या खात्यांची यादी काढते. त्या यादीत पेंटॅगॉनचं करार व्यवस्थापन १९९२ मध्ये गेलं आणि अनेक वर्षं तिथेच राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९९१ मध्ये, संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी नौदलाचा ए-१२ हा विमान प्रकल्प रद्द केला होता. ठोक किमतीचा करार, वजन वाढत गेलेलं विमान, हाताबाहेर गेलेला खर्च. पुढे निघालेली गोष्ट अशी की खर्चाचे आकडे धोका स्पष्ट दाखवत होते. ते वर जाताना गुळगुळीत होत गेले, कारण वाईट बातमी घेऊन साहेबाकडे जायला कुणी तयार नव्हतं. एकही विमान उडालं नाही. खटला मात्र २०१४ पर्यंत चालला, मधे एकदा सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आला. ज्या कार्यालयात खालचा माणूस ‘हे वेळेवर होणार नाही’ असं सहाव्या महिन्यात लिहू शकतो आणि तरी त्याची बदली होत नाही, तिथला करार निम्मा वाचलेला असतो.

तेजस मार्क-१ए बाबत असं कुणी लिहिलं होतं का, ते ठाऊक नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची ऑर्डर हिंदुस्थान एरोनॉटिक्सला मिळाली. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, आणि त्या इंजिनाची उत्पादन साखळी आधीची ऑर्डर संपल्यावर काही वर्षं बंद पडलेली होती. ती पुन्हा सुरू करावी लागली. मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं मार्च २०२५ मध्ये आलं. नाशिकमध्ये विमान जोडणीची नवी साखळी उभी राहिली तरी इंजिनाशिवाय तिला करण्यासारखं थोडंच होतं. कराराच्या कोणत्याही दंड-कलमाने बंद पडलेला कारखाना लवकर सुरू होत नाही. ऑर्डर देण्याआधी आपल्या पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे जाऊन पाहणं, हे काम कुणाचं, एवढं मात्र करारात लिहिता येतं.

यापुढचा मोठा प्रयोग पुणेकरांच्या दारात आहे. २६ मार्च २०२५ रोजी ३०७ ‘अटॅग्ज’ तोफा आणि त्या ओढणारी ३२७ वाहनं यांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. तोफेची रचना पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेची. बनवणार भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स, मोठा वाटा भारत फोर्जकडे. एकाच तोफेचे दोन कारखानदार ठेवल्याने एक अडला तरी दुसरा चालू राहील; मात्र दोन्हीकडच्या तोफा एकाच मापाने तपासल्या जातात की नाही, याची जबाबदारी खरेदीदाराची वाढली. २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत हिचीच एक नळी फुटली होती, तेव्हा तपासणीचं महत्त्व इथे कुणाला समजावून सांगायला नको. सहीची बातमी सगळ्यांनी वाचली आहे. पहिली तोफ ठरल्या तारखेला आली का, नाही आली तर मुदतवाढ कोणत्या कारणाने आणि कोणत्या अटीवर दिली, हे विचारणारी बातमीही वाचकांनी मागावी आणि तेच संसदेत आपल्या खासदारांकडून विचारून घ्यावं.